टेबलावर घेण्याआधी जेवायला या

प्रिय मंडळी,

मृत्युपत्राची सुरुवात प्रकृतीच्या चौकशीने करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी सिग्ने, तू पलीकडच्या खोलीत विणत बसली आहेस, तुला लेखी विचारतो: टाचेची जखम आज कशी आहे? इंगा, पोरी, कंबर धरली होती ती सुटली का? डॉक्टर हॅच, तुमचा खोकला थांबला का? तुमच्यावर माझा राग आहे, पण खोकल्यापुरता तो बाजूला ठेवतो. माझे म्हणाल तर हृदय थकले आहे, डोके जागेवर आहे.

तर मी, ऑरिन स्कोगेन, राहणार हार्लो फॉल्स, मिनेसोटा, कोणाच्या धाकाने वा भरीस पडून नव्हे, पूर्ण शुद्धीत आणि सकाळची कॉफी झाल्यावर हे लिहून ठेवतो. प्रती आत्ताच धाडत आहे, कारण मृत्युपत्र उघडतात ते दफन उरकल्यावर. मेडिकल कॉलेजच्या विच्छेदनगृहात देह तयार करण्यात माझा जन्म गेला. कितीतरी भल्या माणसांनी देह आम्हाला लिहून दिला आणि घरच्यांनी कागद वाचला तेव्हा माणूस मातीआड झालेला. ती चूक मी करणार नाही.

कलम पहिले. घर आणि बँकेतली शिल्लक सिग्नेची. तळ्यावरची होडी इंगाची. होडीला गळती आहे, इंगा, ती तुझ्या नवऱ्याने बुजवावी, तो बोलतो फार.

कलम दुसरे. माझ्या सुऱ्या, करवत आणि धारेचा दगड विच्छेदनगृहाला. दगड पाण्याने वापरावा, तेलाने नव्हे.

कलम तिसरे, माझ्या हेव्याविषयी. आमच्या काळी मुले पहिले वर्षभर आमच्याकडेच असत. आधी शरीर समजू दे, मग जित्या माणसाला हात लाव, असा नेम. डॉक्टर हॅच आल्या आणि म्हणाल्या, पहिल्याच आठवड्यात मुलांना रुग्णाच्या घरी न्या. वर्षभराची शरीररचना पानगळीच्या सत्रापुरती उरली. आणि त्यांनी निवडलेला रुग्ण कोण, तर माझीच मधुमेही बायको. माझ्या दालनात ओठ मिटून उभी राहणारी मुले माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच खुर्चीत बसून, सिग्नेचा पाय मांडीवर घेऊन खिदळायची. नाताळला तिला ढीगभर कार्डे येतात. मला आजवर एकही आलेले नाही. मी पेपर आडवा धरून तीच ती ओळ वाचत बसायचो.

एकदा न राहवून म्हणालो, की गप्पा मारून कोणी डॉक्टर होत नसतो. सिग्नेने मानही वर केली नाही.

"ऑरिन, तुझ्या टेबलावरची माणसं कॉफी विचारत नाहीत. त्यात माझा काय दोष?"

सगळे हसले. डेल्फीन नावाची विद्यार्थिनी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "आजोबा, आमच्या टेबलावर ज्या बाई आहेत ना, त्यांच्या नखांना लाल रंग आहे. कोणी लावला असेल? विचारायची सोय नाही. नावसुद्धा सांगत नाहीत."

"सांगायचं नसतं. नाव कळलं की सुरी चालत नाही."

"माझी तशीही चालली नाही. मग सुरी ठेवून मी आधी त्यांचा हात धरला. मग जमलं."

नखांचा रंग पुसायचा असा आमच्याकडे नेम आहे. त्या बाईंचा पुसायला माझा हात धजला नव्हता. तिला ते सांगितले नाही, पण पेपर खाली ठेवला.

कलम चौथे. माझा देह त्याच विच्छेदनगृहाला. अट एकच. मी आहे तोवर दर पानगळीला नव्या मुलांनी माझ्याकडे जेवायला यावे. माझे नाव विचारावे, गुडघा कसा मोडला ते विचारावे, मला बीट का चालत नाही तेही विचारावे. पुढे माझे टेबल जेवून गेलेल्यांपैकीच कोणाला तरी मिळावे. ओळख गुप्त ठेवायचा कॉलेजचा नियम माझ्यापुरता मी सोडून देतो. डॉक्टर हॅच आणि शरीररचनेचे प्राध्यापक यांनीही यावे, आणि एकाच बाकावर बसावे. हे कॉलेजला मंजूर नसेल, तर मला चर्चमागे सिग्नेसाठी राखलेल्या जागेशेजारी पुरावे. मग माझ्याकडून कोणाला काही शिकता येणार नाही.

कलम पाचवे. सिग्ने, त्या जेवणाच्या संध्याकाळी तू पलीकडच्या खोलीत पेपर वाचायचास. पाहुणे माझे असतील.

साक्षीदार: पास्टर नेल्स एंगेब्रेट, शेजारीण व्हर्ना ओस्टबी. सिग्नेला घर मिळते म्हणून तिची साक्ष चालत नाही. तिने वाचले मात्र, आणि स्वयंपाक करणार नाही म्हणून सांगितले. म्हणजे तो मीच करणार.

सही: ऑरिन स्कोगेन
हार्लो फॉल्स, ९ सप्टेंबर २०१४

कॉलेजच्या मंडळींनो, पाने पिवळी पडू लागली आहेत आणि या हृदयाचे काही सांगता येत नाही. जेवण मला माझ्या हाताने वाढायचे आहे. होय की नाही, ते लवकर कळवा.