तुरीची मर

वलगाव, ५ डिसेंबर

चि. दीक्षा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

फोनवर आवाज चढेल, म्हणून लिहितो. मर रोग लागून वाळलेली तुरीची झाडं दरसालप्रमाणे मुळासकट उपटली, ओल्या फडक्यात बांधली आणि अकोल्याला तुझ्या प्रयोगशाळेत नेली. तुझ्या खोलीत दुसराच माणूस. म्हणाला, मॅडमनी दिवाळीतच संशोधन सोडलं, आता अमरावतीत यंत्रांच्या कंपनीच्या प्रमुख आहेत. अमरावती! वलगावाहून हाकेच्या अंतरावर, आणि बहिणीनं भावाला कळवू नये?

येताना जुडी तुझ्या कंपनीच्या चौकीदाराकडे दिली आणि न भेटता निघालो. आई विहारात अजून सांगते, माही दीक्षा सरकारी शास्त्रज्ञ हाय. घरी मला विचारते, एवढी पक्की नौकरी सोडली कावून? काय सांगू?

लोभ आहेच, पण उत्तर धाड.
सहदेव

अमरावती, १२ डिसेंबर

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

फडकं आईच्या लुगड्याचं, म्हणून जुडी लगेच ओळखली. चुकले. तू अडवशील असं वाटलं.

इतकी वर्षं मरीवर शोधनिबंध लिहिले, पण शेतकऱ्याला रोग कळायचा तो झाड वाळल्यावरच. पेरणीआधी मूठभर मातीवरून सांगणारं यंत्र आम्ही केलं, ते शेतापर्यंत नेणारं कुणी नव्हतं. म्हणून इथे आले. यंत्र हातात घेऊनच घरी येणार होते.

दादा, तुझ्या झाडांच्या मुळांची माती झटकून मी यंत्रात घातली. यंत्रानं सांगितलं, माती निरोगी. पुन्हा घातली, तेच. खोड चिरलं तर आत मरीची काळी रेघ. विक्री तोंडावर आली आहे. मालक म्हणतात, एका गावच्या मातीनं काय होतं, पुढच्या वर्षी सुधारू. बोलले तर खुर्ची जाईल, कदाचित यंत्रही कायमचं बंद पडेल. तू सांग, काय करू?

आईला वंदन. राग धर, पण माया सोडू नको.
तुझी दीक्षा

वलगाव, ४ जानेवारी

चि. दीक्षा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

यंत्रातलं मला कळत नाही, म्हणून उत्तर लांबलं. पण काल चौकात यंत्राच्या जाहिरातीचा, तुझा फोटो असलेला फ्लेक्स लागला. शेजारच्या देवमनकाकांनी यंत्रासाठी नावही नोंदवलं. म्हणाले, आपल्या पोरीचं यंत्र, त्याले पाहा लागते काय? संध्याकाळी विहारात पंचशील घेताना चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी म्हटलं नाही. वंदना संपली तसा उठलो आणि सगळ्यांना सांगून टाकलं, की हे यंत्र आपल्या मातीतली मर ओळखत नाही.

मग काका म्हणाले, सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय देऊन राह्यला काय बे? आई तोंडाला पदर लावून बसली. अजून माझ्याशी बोलली नाही. तुला न विचारता केलं.

हे पत्र फाडलंस तरी लोभ फाडू नकोस.
सहदेव

अमरावती, ९ जानेवारी

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला, अजून आहे. आधी मला सांगायला हवं होतंस.

मग विक्री थांबवण्याच्या आदेशावर सही केली आणि तो मालकांपुढे ठेवला. खुर्ची राहते की जाते, सोमवारी कळेल.

रविवारी येते. काकांना म्हणावं, नाव खोडू नका, पण आधी तुमच्या वावरातली माती द्या. यंत्र सुधारायला एकट्या आपल्याच नाही, गावातल्या सगळ्या वावरांतली लागेल.

भांडून झालं की जेवायला वाढशीलच.
तुझी, सोमवारपर्यंतची साहेब,
दीक्षा