तारा, तुझं सुतक पाळून राहिलो

सेक्टर २, भिलाई

चि. तारास,

दादाचे अनेक आशीर्वाद. सकाळपासून कानात टरटर चालू आहे (तुझी वहिनी वसुंधरा असती तर म्हणाली असती, कान साफ करा). ती आपल्या कॉलनीच्या मैदानातल्या जुन्या प्रोजेक्टरची टरटर. असो. गुडघे कसे आहेत? तुझा मुलगा सुजय औषध वेळेवर आणतो का? तुझी प्रकृती ठणठणीत असावी अशी आशा आहे. इथल्या लोकांचं मत वेगळं आहे, ते पुढे येईलच. (फोन केला असता, पण तुला ऐकू कमी येतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. भिंतीपलीकडे सिंधुताई राहतात.)

लहानपणी त्या मैदानात सिनेमाला जागा नव्हती म्हणून आपण पडद्याच्या मागे बसलो, आणि कुमुदिनी वाघधरे पहिल्यांदा पाहिली ती उलटी, डाव्या हातानं भाकरी थापणारी. नायकाची मुकी बहीण होती. पुढे ती फडात नाचली, डाकूंची सरदारीण झाली, डॉक्टरीण झाली. मधली काही वर्षं कोणी विचारीना, तेव्हा देवाधर्माच्या सिनेमात राक्षसीण झाली, पण तिथंही पदर सोडला नाही. टीव्हीवर आली ती थेट सासू म्हणून, मग आजी, आणि अधूनमधून गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. (ते तेल मीच तुला पाठवलं होतं. उपयोग झाला नाही, माहीत आहे.)

मरायची तर तिला सवयच. क्षयानं गेली, नदीत गेली, गोळी लागून गेली. शाळेतल्या कवितांसारखं सुबक, यमकात बसणारं मरण. पण तेव्हा आपण सोबत असायचो, नंतर वसुंधरा असायची. थेटराबाहेर चहा घेतला की कुमुदिनी पुन्हा जिवंत.

वसुंधरा गेल्यापासून संध्याकाळी जेवताना समोर टीव्हीवर कुमुदिनीच असते. 'अजून थोडा भात घ्या' असं ती मालिकेतल्या नातवाला म्हणते, आणि मी घेतो. परवा मालिकेत तिच्या फोटोला हार घातला. मी ताट सरकवलं. काय सुचलं कोण जाणे, उठलो आणि डोक्यावरून अंघोळ केली. घरातलं माणूस गेलं की आपण करतो तशी. धोतर बाहेर वाळत घातलं. (मंदाक्रांतेत शोकगीतही सुरू केलं होतं. दुसऱ्याच ओळीत दम लागला.)

दिवेलागणीला डोक्यावरून अंघोळ आणि दारात ओलं धोतर, एवढं पाहून सिंधुताई आल्या. "कोन गेलं जी?" मी म्हणालो, "घरातली बाई." हे खोटं नाही. "गोंदियाची बहीन? तारा?" मान हलली. कोणत्या बाजूनं हलली ते मी पाहिलं नाही. सिंधुताईंनी तुला कधी पाहिलेलं नाही; त्या दोन वर्षांपूर्वी आल्या, आणि वसुंधरा गेल्यानंतर तू आलीच कुठे आहेस?

तासाभरात पिठलं-भात आला. कडू घास म्हणून समोरच्या फकिरानं वरण आणलं, त्याच्या शेजारच्या ममतानं भाकरी. ती म्हणाली, "चूल पेटवाची नाही बाबारावजी, आमी काहून हाओत?" घरात बसायला सतरंज्या कमी पडल्या. तुझे गुण निघाले. स्वभावानं गरीब होती, यावर एकमत झालं. मी विरोध केला नाही. सिंधुताईंचा प्रवीण सुजयचा नंबर मागून राहिला होता; सापडत नाही म्हटलं. खरं सांगतो, तारा, एवढी माणसं या घरात वसुंधरा गेली तेव्हाच बसली होती. ती उठू नयेत म्हणून मी गप्प राहिलो.

तुझा, अजूनही तुझाच,
दादा बाबाराव

ता. क. : काम एवढंच, की महिनाभर इकडे फिरकू नकोस.

ता. क. २ : लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीनच दिवस, असं सिंधुताई म्हणतात. उद्या फिटेल. मग डबे बंद, बसणंही बंद. तेव्हा वरचं खोडलं समज. तू ये. लोकांना काय सांगायचं ते मिळून ठरवू.

ता. क. ३ : दार वाजून राहिलं. सिंधुताई बाहेरून म्हणतात, "उघडा जी, गोंदियाहून एक बाई आल्या बसाले. प्रवीणले कुठून तरी सुजयचा नंबर भेटला, फोन गेला म्हने घरी. मेलेलीले लहानपनापासून ओळखते म्हनतात, अन् लय चिडून हायेत."