पेटीवाला गॉगल

सांगली, ६ जानेवारी २०२५

ती. आबांना क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं बरं-बरं करून ठेवून देता, म्हणून पत्र. दिवाळीत तुमच्या उसात हरवलेलं माझं रिमोटचं विमान तोडणीत सापडलं, पण पार चिपाड होऊन. अण्णांनी बजावलंय, आणखी एक विमान गेलं की हा नाद कायमचा बंद. पुढच्या महिन्यात कॉलेजची शर्यत आहे आणि आबा, मला उडवायचंच आहे.

आता गॉगल घ्यायचाय. विमानाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला दिसतं ते थेट डोळ्यांसमोर येतं, आपणच आत बसल्यासारखं. एक गॉगल सडपातळ, चित्र झकास, पण माझा चष्मा आत मावत नाही. दुसरा पेटीसारखा, चित्र बेताचं. मात्र चष्म्यावर बसतो आणि दिसेल ते रेकॉर्ड करतो. शर्यतीतला माझा जोडीदार वीरधवल म्हणतो, तो लावलास तर लोक मध काढायला आलीस समजतील. मला पहिलाच आवडलाय. तुम्ही फौजेत दुर्बिणी सांभाळल्यात, तुम्हीच सांगा.

रंगूकाकींना नमस्कार. तुमची माया आहेच, उत्तर तेवढं लवकर धाडा.

तुमची क्रांती

वाई, १३ जानेवारी

चि. क्रांतीस आबाचे अ. उ. आ.

पत्र पावलं. काकीनं दोनदा वाचून घेतलं. पोरी, पेटीवालाच घे. उसात शिरलेला माणूस दोन सऱ्यांपल्याड दिसत न्हाई, तिथं तुझं विमान कोण हुडकणार? दिवाळीत आमी सगळी बोंबलत फिरलो. कुणी विहिरीकडं दावलं, कुणी बांधाकडं. पडताना विमानानं काय बघितलं ते रेकॉर्ड असतं तर लगेच गावलं असतं. चित्र बेताचं असूदे, खूण दिसली म्हंजे झालं. वीरधवलला म्हणावं, हसायचं ते आत्ताच हसून घे गड्या.

आन् तुझ्या बापाला, कृष्णाताला सांग, त्यानं माझी नवी सायकल पाटात घातली तवा मी धाकट्या भावाचं फिरणं बंद केलं न्हवतं.

जपून ऱ्हा, लय मोठी हो.

तुझा आबा

सांगली, १७ फेब्रुवारी

ती. आबा,

जिंकले! साष्टांग नमस्कार आता घालते.

पहिल्या फेरीतच वारा सुटला आणि विमान मैदानाशेजारच्या उसात गडप! अण्णा शेजारीच उभे. वाटलं, आता नाद बंद! तुम्ही सांगितलेली पेटी डोळ्यांवर होतीच, रेकॉर्ड मागं नेलं. शेवटाला रानडुकरं बुजावीत म्हणून बांधलेलं जांभळं लुगडं, शेजारी पाण्याच्या मोटारीची खोली, मग नुसता पाला. वीरधवल सुसाट पळाला आणि लुगड्यामागच्या सरीतनं विमान घेऊन आला. पंख चिकटपट्टीनं जोडला आणि दुसऱ्या फेरीत विमानानं पार करायची एकही कमान चुकवली नाही. पहिला नंबर, आबा, पहिला! वीरधवल पेटी डोक्यावर घेऊन नाचला.

खरी गंमत आज सकाळची. अण्णांनी उगीच बघू म्हणून पेटी लावली आणि मी विमानाकडं बघत उडवलं. आपलं घर वरनं दिसल्यावर त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी गच्च धरली आणि मला वळण हळू घ्यायला सांगितलं. विमान उतरल्यावर पेटी रुमालानं पुसून परत दिली. मग म्हणाले, चष्मा मलाही आहे, तर माझ्यासाठी गॉगल कुठला घ्यावा ते दादाला पत्रानं विचार.

आता उत्तराची वाट दोघं बघतोय. माया अशीच राहू द्या.

तुमची क्रांती