सरूच्या डोळ्यांची आखणी

पेण

प्रिय एस्थर हिला पेणहून सरूचा दोन्ही हातांनी नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या इस्रायलात, दिमोन्यात हवा कोरडी, म्हणजे दुखणं कमी असेल. (तू इथेच कुरकुरत्या गुडघ्यांनी बसली असतीस तर मला जास्त आवडलं असतं, पण ते असो.)

बातमी अशी की मी सिनेमात जाणार आहे. हसू नकोस. महिला मंडळाच्या नाटकात मी सासू झाले होते, ती मुंबईच्या एका सिनेमावाल्याने पाहिली आणि म्हणाला, चेहऱ्याचे चांगले फोटो पाठवा, आईच्या कामाचं बघू. आमच्या ह्यांनी डोलवीच्या कंपनीतून येऊन डबा ठेवता ठेवता विचारलं, या वयात कसली हौस? हौस नाहीच गो. सिनेमाच्या कॅसेटी तिकडे मिळतात असं तूच लिहिलं होतंस. मला काही तिकडे येणं जमत नाही, पण कॅसेटीतून आले तर तू मला बघशील, एवढाच माझा स्वार्थ.

आता तोंड रंगवायचं कोणी? पेणमध्ये राहून रंगासाठी बाहेर कशाला जायचं, म्हणून चुलत दीर जगनच्या गणपतीच्या कारखान्यात गेले. रंग नाटकाच्या पेटीतला, पण हात गणपतीचा. मला मूर्तींच्या रांगेत पाटावर बसवलं. नाकाला खाज आली तर म्हणाला, "वयनी, हलू नका. मूर्ती कधी हलते काय?" डोळ्यांची आखणी त्याने सगळ्यात शेवटी केली, श्वास रोखून, आणि झाल्यावर सवयीने मला हात जोडले. (लग्न होऊन या घरात आल्यापासून मला कोणी हात जोडले नव्हते, म्हणून मी जोडू दिले.) तशीच गाडीने रोह्याच्या स्टुडिओत निघाले. डब्यात एका म्हातारीने माझ्या मांडीवर जास्वंद ठेवलं.

फोटोवाला वैतागला. रागाने बघितलं तरी माझा चेहरा आशीर्वादच देत होता. "बाई, जरा माणसासारख्या बघा," म्हणाला. शेवटी म्हणाला, "आपलं कोणतरी लांब गेलंय असं समजा." समजायचं काय त्यात? तुमचं जुनं घर स्टुडिओच्या मागच्याच आळीत. तुझ्या आईच्या हातचा मलिदा मी त्याच ओट्यावर बसून खाल्लेला. तिथून जायला लागू नये म्हणून मी येताना लांबचा रस्ता घेतला होता. मग काय, जगनची सगळी मेहनत हनुवटीपर्यंत ओघळली आणि त्या मेल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला.

तुझी आठवण येते गो, फार येते. मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
सरू

ता. क. फोटो सोबत आहे. रडका आहे, पण माणसाचा आहे.

आणखी एक ता. क. सिनेमावाल्याला काही पाठवलेलं नाही. एकच फोटो धड निघाला, तो तुला. तू मला बघितलंस, माझं काम झालं. आता तुझाही एक पाठव. माझ्याकडे तुझा एकुलता एक फोटो आहे तो शाळेच्या नाटकातला, त्यात तुला मिशा आहेत. हल्ली डोळे मिटले की त्या मिशाच तेवढ्या दिसतात, तू दिसत नाहीस.