दोन रेघा

प्रिय बैतोय,

हे पत्र लमायमावशीच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे आधी तीच फोडणार. लमाय, वाचून झालं असेल तर पाकीट नीट चिकटव आणि पोरीच्या हातात दे. बैतोय, तू तुझ्या फोनवर माझा नंबर बंद करून टाकलास त्याला आता नऊ महिने झाले. दुसऱ्याच्या नंबरवरून लावला तर माझा नुसता श्वास ओळखून फोन ठेवून देतेस. मग कागदच उरला. तिकडे समुत साखोनच्या कारखान्यात दिवसभर मासे साफ करून तुझ्या बोटांना भेगा पडल्यात असं मावशी सांगते. रात्री खोबरेल लाव. मावशी खरं सांगते की मला रडवायला सांगते, कोण जाणे.

इकडे नूडल्सची गाडी चालू आहे. सरकारनं गांजा मोकळा केला त्या वर्षी रश्श्यात पान घालून मी जी पाटी लावली होती, ती अजून आहे. गिऱ्हाईक मात्र ओसरलं. तालुक्याच्या कचेरीतून फुकट मिळालेल्या गांजाच्या दोन कुंड्यांपैकी एक वाळली. तुला आठवतं ना, माझे वडील कोंबडीच्या रश्श्यात दोन पानं टाकायचे आणि आम्ही सगळे गाढ झोपायचो, असं मी कौतुकानं सांगायचे. तू त्या रश्श्याला कधी तोंड लावलं नाहीस. मला साधा अंडाभात दे म्हणायचीस. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. घरचं नको म्हणते म्हणजे बाहेर काहीतरी चालू असणार.

मग मला जिकडे तिकडे तेच दिसायला लागलं. तुझे डोळे लाल. संध्याकाळी पुस्तकावर डोकं टेकून झोपणं. फोनमध्ये बघून हसणं. मी तुझी पिशवी उलटी केली, गणवेशाची कॉलर हुंगली. शाळेसमोर हिरव्या दिव्याचं गांजाचं दुकान निघालं होतं, त्याच्यासमोर तीन दुपारी छत्री घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुकानातला पोरगा खुर्ची घेऊन आला आणि म्हणाला, “मावशी, उन्हात कशाला बसता? आत या, गुडघ्यासाठी चांगला माल आहे.” मी त्याला म्हटलं, माझं औषध मी सरकारी दवाखान्यातून घेते, शिक्का मारलेल्या बाटलीतलं, तुझं नको. झाड तेच, तेल त्याचंच, पण ते औषध होतं ना. त्या तीन दुपारी दुकानात एकही शाळकरी मूल शिरलं नाही. शिरले ते सगळे माझ्या वयाचे. पालक समितीचे अध्यक्षसुद्धा टोपी नाकापर्यंत ओढून गेले. मी मनाशी म्हटलं, मुलं मागच्या दारानं जात असणार.

त्या आठवड्यात मी औषधाच्या दुकानातून लघवीतला गांजा तपासायच्या पट्ट्या आणल्या. तू तपासू दिलंस. तुझ्या पट्टीवर दोन रेघा आल्या. कोविडात दोन रेघा आल्या की माणसाची पिशवी भरायची आणि त्याला शाळेच्या पटांगणातल्या खाटेवर नेऊन टाकायचं, हे आपल्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. तरी अन्याय नको म्हणून मी स्वतःचीही तपासली. एक रेघ. दोन्ही पट्ट्या बशीत ठेवून तुझ्यासमोर सरकवल्या. तू म्हणालीस, “आई, मी काहीही घेतलेलं नाही. पाकिटावर काय लिहिलंय ते तरी वाच.” मी म्हटलं, शंभर पट्ट्या बघितल्यात मी, मला शिकवू नकोस. चष्मा लावायचीही तसदी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या शाळेतल्या विपादाबाईंकडे गेले. शाळेत तुला कोण पुरवतं ते शोधा, एवढंच मला हवं होतं. बाईंनी नर्सिंग कॉलेजला पाठवलेलं तुझं शिफारसपत्र त्याच दिवशी परत मागवलं. तुझी राखीव जागा दुसऱ्या मुलीला गेली. शेवटची परीक्षा दिलीस आणि दुसऱ्या दिवशी बस धरलीस. वाकून नमस्कार केलास, तोही नेहमीपेक्षा खाली. त्याचा मला आणखी राग आला.

गेल्या आठवड्यात शेजारची कान्लया तिच्या मुलाची पट्टी घेऊन गाडीवर आली. मी मोठ्या अनुभवी बाईच्या थाटात तिला सांगत होते, दोन रेघा म्हणजे सापडला. बाकावर नर्स ओराथाय नूडल्स खात होती. तिनं काड्या खाली ठेवल्या. “मावशी, ही कोविडची पट्टी नव्हे. हिचं उलटं असतं. दोन रेघा म्हणजे पोरगा स्वच्छ.” कान्लया तिथेच रडायला लागली, आनंदानं. मी रश्श्याखालचा गॅस बंद केला आणि त्या दिवशी पुन्हा पेटवला नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझी माफी एका ओळीत मागता आली असती. पण बैतोय, ती एक रेघ माझी होती. ओराथायनं विचारलं, दवाखान्यातल्या तेलाचे किती थेंब घेता? मी म्हटलं तीन. तिच्याशीही खोटं बोलले. तीनवर सुरुवात केली होती, आता रात्री पंधरा आणि सकाळी पुन्हा पाच होतात. मला पहाटे जाग यायची नाही, म्हणून चारला उठून तूच कांदे चिरायचीस, चूल पेटवायचीस आणि मग शाळेत जायचीस. आणि तुझे डोळे लाल का, याचा तपास मी करत होते. बाटली ओराथायकडे दिली आहे. आज सहावा दिवस, झोप नाही, अक्षर कसं वाकडं येतंय ते बघतेसच. काल विपादाबाईंसमोर सगळं सांगितलं आणि पट्टी कोणाची कशी होती ते माझ्या नावानिशी लिहून सही केली. बाईंनी नवीन शिफारसपत्र दिलं आहे, ते सोबत आहे. वीस तारखेला सुरीनच्या कॉलेजात मुलाखत आहे. मावशीकडून थेट सुरीनला जा. वाटेत घरी उतरू नकोस. उतरलीस तर मी तुझी पिशवी उघडून बघेन, आणि बघणार नाही असं वचन द्यायला माझा माझ्यावर अजून भरवसा नाही.

तुझीच,
आई