बर्फ आला तर आई राहतील

रवि. १८ जाने.
रडारवर वादळ अजून अटलांटिकच्या मध्यावर आहे. कडेला निळं, पोटात जांभळं. हवामानवाले म्हणतात गुरुवारी संध्याकाळी आमच्या झिंडेलफिंगेनवर. आधी बर्फ, मग आइसरेगेन. म्हणजे पडताना साधा पाऊस, जमिनीला टेकला की काच. इथे वादळांना माणसांची नावं देतात. याला बाईचं दिलंय. लिहीत नाही, उगाच दृष्ट लागायची.

सासूबाईंचं विमान शनिवारी दुपारी, फ्रँकफर्टहून. व्हिसा मार्चअखेरपर्यंत आहे, तरी निघाल्या. म.ला म्हटलं, तुझी आई आहे, तू थांबव. तर म्हणे, "तिलाच जायचंय. मी काय करू?"

काही नको करूस. मी आपली ढगांवर भिस्त ठेवते.

सोम. १९
त्यांच्या जाण्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. नाताळानंतर पायऱ्या आणि समोरची वाट साफ करायची पाळी आमच्या घराची होती. इथे ती आठवड्यानं फिरते. आईंना कोण आनंद! आपल्याला काहीतरी काम मिळालं. सकाळी उठून, नाशिकला घालतात तसा, दारात छान सडा घातला. बादलीभर कोमट पाणी. बाहेर उणे सहा.

वरच्या मजल्यावरच्या फ्राउ बॉयरले पाव आणायला निघाल्या आणि थेट खालीच बसल्या. हाड मोडलं नाही, नशीब. आईंनी हात जोडून मराठीत माफी मागितली. मग नाशिकला मोठ्या दिरांना फोन: "माझं तिकीट अलीकडचं कर रे. मी इथे राहिले तर कुणाचं तरी हाड मोडेन."

तेव्हापासून दाराबाहेर पाऊल नाही.

मंगळ. २०
स्वप्न. नाशिकच्या गच्चीत पापड वाळत घातलेत आणि त्यांवर बर्फ पडतोय, अगदी सावकाश. मी गोळा करायला धावते. आई म्हणतात, राहू दे, वाळतील. आणि खरंच वाळतात.

सकाळी त्यांना सांगितलं. खूप वेळ विचार करून म्हणाल्या, "उडदाचे असतील. तांदळाचे नसते वाळले."

आज घरूनच काम. अकराला लॅपटॉप मिटवून दोघी खिडकीशी चहा. फार बोलत नाही आम्ही. त्या रस्त्यावरची माणसं बघतात, मी त्यांना बघते. लग्नानंतरची बारा वर्षं या बाई मला फक्त फोनवर माहीत होत्या, "बरी आहेस ना, पोळ्या करतेस ना," एवढ्याच. आता दुपारी घरात भांडं वाजलं की बरं वाटतं. त्या गेल्या की पुन्हा फक्त हीटरचा आवाज.

बुध. २१
एक अ‍ॅप म्हणतं वीस सेंटीमीटर, दुसरं म्हणतं नुसता पाऊस. सगळं एका अंशावर अडलंय. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून रडारच बघत होते. जांभळं पोट फ्रान्सवर आलं. ये बाई, ये.

म.नं नवीनच काढलं: "आपण शुक्रवारीच फ्रँकफर्टला जाऊ या. हॉटेलात राहू. गेनाऊ, अगदी तेच सेफ."
मी म्हटलं, "एवढी काय घाई?" जरा जोरातच म्हटलं. तो बघतच राहिला.

आई बॅगेत तिळगुळाचा रिकामा डबा भरत होत्या. तो डबा माझा आहे. भरू दिला.

गुरु. २२
आला!

चारच्या सुमारास एकेक, मग एकदम सगळा. समोरची पार्किंग गेली, सायकली गेल्या, कुंपण गेलं. आवाज नाहीच. आमची इरा शाळेतून आली ती भुवया पांढऱ्या करून. आई बाल्कनीच्या दाराशी शाल घेऊन उभ्या, तोंड किंचित उघडं. मी मागे जाऊन उभी राहिले. काचेवर दोघींच्या श्वासाची वाफ. त्यांनी ती पुसली नाही, मीही नाही.

"हे असं किती दिवस चालतं गं?"
"कधी कधी आठवडाभर चालतं, आई."
"अगं बाई." एवढंच. आवाजावरून काही कळेना.

शुक्र. २३
सकाळपासून आइसरेगेन. झाडाची प्रत्येक काडी काचेत. वाऱ्यानं फांद्या हलल्या की बांगड्या किणकिणतात तसं ऐकू येतं. शाळा बंद, बस बंद, गाड्या बंद. म.चं हॉटेल बारगळलं. घरात येरझारा घालतोय.

खाली एक गृहस्थ कुत्र्यासकट घसरत घसरत कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले. आई बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "आज वरूनच कुणीतरी सडा घातलाय." आणि हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मलाही आवरेना.

थोड्या वेळानं बेल. फ्राउ बॉयरले, कठड्याला धरत खाली आलेल्या. हातात बुटाखाली चढवायचे रबरी काटे. "फ्युअर दी ओमा," म्हणाल्या, आजीसाठी. आईंना सोफ्यावर बसवून स्वतः वाकून चढवून दाखवले. आई संकोचानं पाय मागे घेत होत्या, त्या पुढे ओढत होत्या. भाषा एकीची दुसरीला येत नाही, तरी बराच वेळ चाललं होतं.

जेवताना इरा सहज बोलून गेली, अर्थात जर्मनमध्ये: आजी रोज सकाळी मला विचारते, विमान रद्द होणार का. मी नाइन, म्हणजे नाही, म्हटलं की चहा अर्धाच पिऊन ठेवते.

माझा घास हातातच.
"काय म्हणतेय ती?" आईंनी विचारलं.
"काही नाही. भात मागतेय."

म्हणजे एकाच घरात दोघी एकाच ढगाला साकडं घालतोय आणि एकमेकींना पत्ता नाही. वेड्याच आहोत.

शनि. २४, सकाळ
जाग आली ती टपटप आवाजानं. चार अंश. नैर्ऋत्येचा वारा. काच गळून पडतेय, रस्ता काळा ओला. रडार स्वच्छ. विमान वेळेवर.

जांभळीनं दगा दिला. मला रडू आलं, बाथरूममध्ये, नळ सोडून. आठवडाभर ढगांना विनवत बसले. त्या शेजारच्या खोलीत होत्या, त्यांना एकदा विचारलं नाही. म्हटलं, मुलगा त्याचा तो बघेल, सुनेनं कशाला बोलायचं.

म. बॅगा घेऊन खाली गेला. इरा त्याच्याबरोबर. आई स्टुलावर बसून बूट घालत होत्या. मी समोर जमिनीवरच बसले.

"आई, नका जाऊ. मार्चपर्यंत राहा."
"अगं, तिकीट..."
"तिकिटाचं बघू."
"मकरंदनं सांगितलं का तुला, असं म्हण म्हणून?"
"नाही. त्याला माहीतही नाही. मला हव्या आहात तुम्ही."

माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यावर जोर नको म्हणून उठून स्वयंपाकघरात आले, ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. इथून दाराचा कोपरा दिसतो. एक बूट पायात, दुसरा मांडीवर. त्याची नाडी बोटाला गुंडाळतायत, सोडतायत.

फोन वाजतोय. म. असणार, खालून. दोघींपैकी कुणीच उचलत नाहीये.