गज हिचा, बोटं पोरीची

अहो,

तुमच्या पायांना नमस्कार. मी मजेत आहे. तुम्ही गोळ्या घेताय ना?

आपल्या नातीने मैफली सोडून शाळेतल्या पोरांचा वाद्यवृंद हाती घेतला, तो म्हणे हौसेने. मला पटेना, म्हणून काल वर्गात जाऊन बसले. पोरं फार गोड आहेत. एकीला जमेना, तर तिच्या खांद्यावरच्या व्हायोलिनवर गज हिने फिरवला, तारा मात्र पोरीलाच दाबायला लावल्या. सूर असा लागला की मी टाळ्याच वाजवल्या.

पण हिने डावा हात तारांना लावलाच नाही हो. घरीही बरणीचं झाकण माझ्याकडूनच उघडून घेते. विचारलं तर म्हणते, "आजी, तुझ्याएवढी ताकद कुणात आहे?"

सूनबाईला एवढ्यात यातलं काही सांगू नका. मी सगळी झाकणं सैल करून ठेवलीत. कुणी केली, ते नात विचारत नाही.

तुमचीच मंडळी